कापसाची गाडी आणि कार्तिकातला डोंगा

पुलगाव स्टेशनाच्या दक्षिणेला दोनेक मैलांवर नाचणगाव आहे. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातले हे जुने गाव. पुलगावची वस्ती वाढत वाढत आता त्याच्या वेशीला भिडली आहे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे कळत नाही. वयाचा हिशेब मांडला तर मात्र नाचणगाव आजोबा आणि पुलगाव नातू. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये नाचणगावची नोंद एक मोठे, प्राचीन गाव म्हणून आहे. गावात किल्ल्यासारखी बांधलेली दगडी सराई होती आणि पिंडाऱ्यांची धाड आली तेव्हा गावकऱ्यांनी त्या सराईच्या आधाराने तोंड दिले, असेही त्यात म्हटले आहे. वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली इमारत लढाईत उपयोगी पडावी, यावरूनच त्या काळातले रस्ते कसे होते याची कल्पना येते. व्यापारी, यात्रेकरू, कापसाच्या बंड्या घेऊन निघालेले शेतकरी, सगळे या वाटेने जात आणि रात्री भिंतीआड मुक्काम करत.

मी कार्तिकात या भागात गेलो. नाचणगावहून निघून पुलगाव, तिथून पुलगाव–आर्वी या जुन्या नॅरोगेज लाइनच्या कडेकडेने आर्वी आणि आर्वीपासून वर्धा नदी ओलांडून कौंडण्यपूर, असा मार्ग ठरवला होता. अंतर फार नाही. चारचाकी गाडीने दोन तासांतही उरकता येईल. पण या वाटेवर शंभर वर्षांपूर्वी जे घडले ते समजून घ्यायचे तर जागोजागी उतरावे लागते. रेल्वेची एक छोटी फांदी आणि नदीतली एक नाव, ही दोन साधने मिळून इथे एकच वाट पुरी होत असे. आज त्या वाटेवर रेल्वेही चालत नाही आणि नावही नाही.

पुलगाव हे रेल्वेचे अपत्य. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळहून नागपूरकडे लोहमार्ग आणला आणि १८६७ साली गाडी नागपूरला पोचली. त्या मार्गावर वर्धा नदी आडवी येत होती. तिच्यावर पूल बांधला गेला आणि पुलाशेजारी जी वस्ती उभी राहिली ती पुलगाव. मुंबईकडून येणारी गाडी धामणगाव सोडून वर्धेचा पूल ओलांडते आणि लगेच पुलगावात शिरते. आज खिडकीत बसलेल्या प्रवाशाला तो पूल म्हणजे मिनिटभराचा खडखडाट वाटतो. १८६७ साली मात्र त्या पुलाच्या दोन टोकांना दोन निरनिराळे कारभार होते.

हे मला या प्रवासात सर्वांत अधिक विस्मयकारक वाटले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. नदीच्या पूर्वेचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. म्हणजे ज्या नदीत दोन्ही काठांच्या बाया एकाच पाण्याने कपडे धूत होत्या, ती नदी एका रात्रीत दोन राज्यांची सीमा झाली. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि १८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांना वारस नाही म्हणून ते राज्यही इंग्रजांनी घेतले. दोन्ही काठांवर इंग्रजांचा अंमल आला तरी कारभार एक झाला नाही. वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली राहिला, तर पूर्वेकडे १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. पश्चिम काठावर मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी होती. शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरत असे. पूर्व काठावर मालगुजारी होती. गावाचा सारा मालगुजार गोळा करी, गावाच्या पडीक जमिनीवर, झाडांवर, तळ्यावर त्याचा हक्क चाले. एकाच काळ्या मातीत, एकच ज्वारी आणि एकच कापूस पिकवणारे दोन भाऊबंद केवळ नदीच्या या वा त्या काठावर राहतात म्हणून दोन वेगळ्या कायद्यांखाली जगत होते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, तरी जमिनीचे हे दोन कायदे तसेच राहिले. मालगुजारी सुटली ती थेट १९५१ मध्ये. नदीच्या पूर्वेकडच्या गावांत आजही मालगुजाराचा वाडा म्हणून एक मोठी वास्तू दाखवली जाते. पश्चिमेकडच्या वऱ्हाडी गावात गेलात की पाटलाचा किंवा देशमुखाचा वाडा दाखवतात. सीमा पुसली गेली, तिची खूण वाड्यांच्या नावात राहिली.

पुलगाव वाढले ते कापसावर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाड आणि नागपूर प्रांताकडे वळली. हिंगणघाटचा कापूस त्या आधीपासून मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने खास कापूस आयुक्त नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे या पदावरचे गाजलेले नाव. लोहमार्ग नागपूरपर्यंत नेण्याच्या घाईमागे हाच कापूस होता. पुलगावात जिन-प्रेस आल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडाची गिरणी उभी राहिली. गिरणीच्या भोंग्यावर इथले घड्याळ चालत असे. ती गिरणी आता बंद आहे. आज पुलगावची ओळख देशभर आहे ती लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी तिथे लागलेल्या आगीत आणि स्फोटात जवान, अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. ती रात्र आसपासच्या गावांनी घराबाहेर काढली. नाचणगावात त्या रात्रीचा विषय निघाला की आजही बोलणे थांबते.

आता आर्वीच्या फांदीकडे वळू.

मुख्य लोहमार्गाने पुलगाव घडवले, तसे काही जुन्या बाजारपेठांना दूरही ठेवले. आर्वी ही त्यांपैकी सर्वांत मोठी. पुलगावच्या उत्तरेला बावीस मैलांवरचे हे गाव कापसाची नामांकित पेठ होती. १९०१ च्या खानेसुमारीत तिची वस्ती दहा हजारांवर होती. आर्वीत सरकी काढण्याचे जिन होते, गाठी बांधण्याचे प्रेस होते, पण गाठी निघाल्या की त्या बंड्यांवर चढवून बावीस मैल पुलगावला आणाव्या लागत. काळ्या जमिनीतला तो रस्ता पावसाळ्यानंतर कित्येक दिवस चाकाला सोडत नसे. वाटेत नाले आडवे येत. कापसाच्या व्यापारात भाव रोज हलतो. माल वाटेत दोन दिवस अडकला तर नफा वाटेतच सांडतो. आर्वीच्या व्यापाऱ्याला रेल्वे हवी होती ती यासाठी.

सरकार स्वतः अशा फांद्या बांधायला उत्सुक नव्हते. त्यासाठी वेगळी पद्धत होती. खाजगी कंपनीने भांडवल उभे करायचे, लाइन बांधायची, आणि मोठ्या रेल्वेने ती चालवून द्यायची. उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला मिळायचा. मुंबईतल्या किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थापनाखाली १९१० च्या सुमारास सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी स्थापन झाली. तिने मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी मोठी लाइन बांधली. लोक तिला शकुंतला म्हणतात. त्याच कंपनीची धाकटी लाइन म्हणजे पुलगाव–आर्वी. अडीच फूट रुंदीची, पस्तीस किलोमीटरची ही लाइन १९१७ साली सुरू झाली. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते, लोखंडाची टंचाई होती, तरी हिचे काम पुरे झाले. चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे. पुढे १९२५ मध्ये ती रेल्वे सरकारने आपल्या हाती घेतली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली, तरी या फांदीची मालकी कंपनीचीच राहिली आणि गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवत राहिली. स्वतंत्र भारतात देशभरची रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली असताना विदर्भाच्या या रुळांची मालकी एका खाजगी कंपनीकडे राहावी, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचे परिणाम मात्र सर्वांनी भोगले. रुळांवर खर्च कोणी करायचा हा प्रश्न कायम लोंबकळत राहिला. मालक म्हणणार चालवणाऱ्याने करावा, चालवणारा म्हणणार मालकाने करावा. लाकडी स्लीपर कुजत गेले, गाडीचा वेग उतरत गेला आणि वेग उतरला म्हणून प्रवासी उतरले.

पुलगावहून उत्तरेला निघालो की सोरटा, विरूळ, रोहणा, धनोडी अशी गावे लागतात. डाव्या हाताला वर्धा नदी, पण ती सतत दिसत नाही. लोहमार्ग बांधणाऱ्यांनी काठापासून अंतर राखूनच रूळ टाकले. सातपुड्याच्या मुलताई पठारावरून उतरणारी ही नदी पावसाळ्यात काठ सोडून शेतात शिरते, आणि काळी माती ओली झाली की तिच्यावर भराव टिकत नाही. त्यामुळे रूळ उंचवट्यावरून नेलेले आहेत. पूर्वेकडच्या टेकड्यांतून नदीकडे धावणारे नाले मात्र टाळता येण्यासारखे नव्हते. त्यांच्यावरच्या दगडी मोऱ्या आजही पाहाव्यात अशा आहेत. घडीव बेसॉल्टचे चिरे, चुन्याचे सांधे, कमानी शाबूत. वर रूळ कुठे आहेत, कुठे नाहीत. बाभळी आणि रायमुनियाच्या झुडपांनी मार्ग झाकला आहे. भरावावर गुरे चरताना दिसतात. एका ठिकाणी शेताच्या धुऱ्यावर रेल्वेचा हद्दीचा दगड होता. शेतकऱ्याने त्याला शेंदूर लावला होता.

कपाशीच्या शेतांत वेचणी चालू होती. पहिल्या वेचणीआधी इकडे सीतादही करतात. शेतातल्या चांगल्या झाडाची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, शेताच्या चार कोपऱ्यांना तो शिंपडायचा आणि मग कमरेला ओटी बांधून बाया वेचायला उतरतात. कापूस हे रोख पैशाचे पीक असले तरी त्याच्याशी वागण्याची रीत इथे देवाधर्माची आहे. वेचलेला कापूस घरातल्या खोलीत भरून ठेवलेला मी पाहिला. खोलीच्या दाराला आतून फळ्या लावलेल्या, आणि पांढरा ढीग आढ्यापर्यंत गेलेला. भाव चढेपर्यंत तो असाच राहणार. घरात चूल पेटवताना मग जपावे लागते.

या ढिगाचे वजन समजून घेतले की रेल्वे आणि जिन यांचे नाते कळते. वेचलेल्या कापसात रुई एक तृतीयांश आणि सरकी दोन तृतीयांश. सरकी काढली की वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि प्रेसमध्ये दाबले की आकारही आटतो. तेव्हाची एक गाठ ३९२ पौंडांची असे. म्हणून जिन-प्रेस पिकाजवळ असणे फायद्याचे. आर्वीत गाठी तयार होत आणि गाडीने पुलगावला येत. पुलगावात छोट्या गाडीच्या डब्यातून मोठ्या गाडीच्या डब्यात माल हमालांच्या पाठीवरून चढवावा लागे, कारण दोन्ही रुळांची रुंदी वेगळी. अडीच फुटी रूळ स्वस्तात बांधले गेले, त्याची किंमत पुढची सत्तर-ऐंशी वर्षे हमालीत मोजावी लागली. पुढे मालमोटारी आल्या. मालमोटार जिनच्या दारातून गाठ उचलते आणि थेट गिरणीच्या दारात उतरवते, मध्ये कुठे पाठ बदलावी लागत नाही. छोट्या फांद्या मालाच्या बाबतीत हरल्या त्या इथे.

रोहण्याला थांबलो. जुन्या गॅझेटियरप्रमाणे इथली गढी कृष्णाजी शिंदे यांनी बांधली. घोडेस्वार बाळगण्याच्या अटीवर त्यांना हे गाव आणि आसपासची गावे माफीत होती, आणि ती माफी नागपूर व हैदराबाद अशा दोन्ही दरबारांची होती. सीमेवरच्या माणसाला दोन धनी सांभाळावे लागत, याचा हा बोलका दाखला. १८०३ च्या आधी वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांची दुहेरी वसुली चाले. रोहण्यासारख्या गावांनी ती वर्षे कशी काढली असतील, हे त्या गढीकडे पाहताना मनात येत राहते.

गाडी चालू होती तेव्हा या स्टेशनांवर काय चाले, हे सांगणारी माणसे अजून आहेत. पारावर बसलेल्या वृद्धांनी मला हातांनी दाखवत सांगितले की पुलगावहून आर्वीला दोन-अडीच तास लागत. आठवडी बाजाराच्या दिवशी डब्यात कोंबड्या, भाजीच्या पाट्या, मोहाची फुले, शेळ्या, सारेच असे. आर्वीच्या शाळेत जाणारी पोरे याच गाडीने जात. नवी नवरी सासरी जायची ती याच गाडीने. वऱ्हाड धरून नेण्याइतके डबे मिळायचे. इंजिनाला पाणी द्यायला गाडी थांबली की बाया खाली उतरून शेतातल्या तुरीच्या शेंगा तोडत, आणि शेतमालक त्यांना काही म्हणत नसे. एका आजोबांनी शेवटी एवढेच म्हटले, ‘थे गाडी गरिबाची होती, बाप्पा.’ बसचे तिकीट नेहमीच तिच्यापेक्षा महाग होते, हे त्यामागचे साधे कारण.

धनोडीजवळ नदी पुन्हा सामोरी येते, आणि येते ती समुद्रासारखी पसरून. हा निम्न वर्धा प्रकल्प. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात वरूड बगाजी हे गाव आहे. तिथल्या बगाजी महाराजांवरून जलाशयाला बगाजी सागर म्हणतात. धरणाला एकतीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की खाली पुलगावपर्यंतच्या गावांना दवंडी दिली जाते. या धरणाच्या वर, मोर्शीजवळ, ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. दमयंती ही विदर्भाची राजकन्या आणि तिचे माहेर कुंडिनपूर, म्हणजे मी ज्या दिशेने निघालो होतो तेच गाव. या दोन धरणांनी नदीची चाल बदलली. पूर्वी पावसाळा सरला की पात्र आकसत जाई, माघ-फाल्गुनात वाळू उघडी पडे, आणि वाळूत ढीवर-भोयांच्या डांगरांच्या, टरबुजांच्या वाड्या लागत. आता पाणी केव्हा येईल हे ऋतू ठरवत नाही.

आर्वीत पोचलो तो बाजाराची वेळ टळली होती. हे गाव तेलंगराव नावाच्या पुरुषाने वसवले असे मानतात, म्हणून जुन्या कागदांत आर्वी तेलंगराव असा उल्लेख सापडतो. हे तेलंगराव कोण, याविषयी दोन परंपरा आहेत. कोणी त्यांना ब्राह्मण म्हणतात, कोणी मुसलमान वली. त्यांच्या समाधीला हिंदू आणि मुसलमान दोघेही नमस्कार करतात, आणि तिच्यावरची वास्तू आर्वीच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधली, हेही जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. कापसाच्या पैशाने बांधलेली ही जागा आर्वीच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगते.

आर्वी तालुका आणि त्याच्या पलीकडचा कारंजा-आष्टीचा डोंगराळ भाग हा गवळाऊ जातीच्या गुरांचा प्रदेश. पांढरी, सडपातळ, लांब पायांची ही जनावरे चालायला फार चपळ. मराठ्यांच्या फौजा डोंगरवाटांनी जलद हालचाल करत तेव्हा सामान ओढायला हेच बैल असत. हेटीकुंडीला या जातीचे सरकारी पैदास केंद्र आहे. आर्वीच्या रेल्वेआधी कापूस पुलगावला पोचवला तोही याच बैलांनी, आणि रेल्वे आल्यावर आसपासच्या गावांतून आर्वी स्टेशनापर्यंत माल आणला तोही यांनीच. फांदीवरचे छोटे इंजिन आणि हे बैल एकमेकांचे स्पर्धक नव्हते. एकाचे काम संपे तिथे दुसऱ्याचे सुरू होई.

आणि बैलाचे काम संपे तिथे डोंग्याचे.

आर्वीच्या पश्चिमेला सहा मैलांवर देऊरवाडा आहे, अगदी वर्धेच्या काठावर. समोरच्या काठावर कौंडण्यपूर. देऊरवाड्याला रुक्मिणीचे देऊळ आहे आणि १८७० च्या गॅझेटियरमध्ये इथल्या कार्तिकातल्या यात्रेचे सविस्तर वर्णन आहे. यात्रा तीन आठवडे चाले, दुकाने लागत, दूरदूरचे व्यापारी येत. आता ऋतूचा विचार करा. ज्येष्ठात नदी उतरून जाता येई. गुडघाभर पाण्यातून बंडीही पलीकडे जाई. श्रावण-भाद्रपदात पूर, तेव्हा कोणी नदीत पाय टाकत नसे. कार्तिकात मात्र पूर ओसरलेला आणि पात्र अजून भरलेले. पायी उतरता येत नाही आणि नावेला भीती नाही. नेमकी त्याच महिन्यात यात्रा. देवळाच्या पंचांगाने आणि नदीच्या पंचांगाने मिळून नावाड्याचा हंगाम ठरवून दिला होता. त्याच सुमारास पहिली वेचणी होऊन शेतकऱ्याच्या हाती पैसाही आलेला असे.

नावेने नदी ओलांडण्याच्या अशा जागा, म्हणजे उतारे, सरकारच्या दृष्टीने उत्पन्नाचे साधन होते. १८७८ च्या फेरी कायद्याने मध्य प्रांतातल्या नद्यांवरच्या सार्वजनिक उताऱ्यांचा मक्ता लिलावाने देण्याची सोय झाली. मक्तेदार ठरलेल्या दराने उतराई घेई. माणसाला एक दर, जनावराला दुसरा, भरलेल्या बंडीला तिसरा. प्रत्यक्ष वल्हे मारणारे ढीवर आणि भोई. त्यांचा आणि काठावरच्या गावांचा व्यवहार पुष्कळदा पैशाचा नसून धान्याचा असे. गावकऱ्याने सुगीत पायली-दोन पायली ज्वारी द्यायची आणि वर्षभर नावेत बसायचे. परक्या यात्रेकरूकडून मात्र रोख. ही जुनी रीत नदीकाठच्या विदर्भातल्या अनेक गावांनी सांभाळली होती.

पुलगाव–आर्वी लाइन सुरू झाल्यावर या नावेला नवे गिऱ्हाईक मिळाले. नागपूर, हिंगणघाट, वर्धा इकडचा यात्रेकरू मोठ्या गाडीने पुलगावला यायचा, छोट्या गाडीने आर्वीला, तिथून बंडीने किंवा पायी देऊरवाड्याला, आणि डोंग्यात बसून कौंडण्यपूरला. चार वाहने, एक वाट. लोहमार्ग नदीपर्यंत नेला असता तर ती सहा मैलांची पायपीट वाचली असती. पण रूळ टाकले होते कापसासाठी, देवासाठी नव्हे. देवाच्या वाटेचा तुकडा लोकांनी स्वतः चालून पुरा केला.

मी देऊरवाड्याहून पुलावरून नदी ओलांडली. पाणी संथ होते, पात्र रुंद. पलीकडे उंच पांढरीच्या टेकाडावर कौंडण्यपूर. भीमक राजाची राजधानी, रुक्मिणीचे माहेर. अंबिकेच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले, ते देऊळ इथलेच असे परंपरा सांगते. इंदुमतीचे आणि दमयंतीचेही हेच माहेर. एका गावाच्या लेकींवर इतक्या कथा रचल्या गेल्या असे दुसरे गाव महाराष्ट्रात नसेल. परंपरा बाजूला ठेवली तरी जमीन साक्ष देतेच. १९६० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वीपासूनच्या वसाहतीचे थर, मृद्भांडी, मणी तिथे मिळाले. नदीच्या या उताऱ्यावर दोन-अडीच हजार वर्षे माणसे ये-जा करत आहेत, हे त्यावरून निश्चित होते. राजधानी उताऱ्याशेजारीच वसावी, यात नवल नाही.

इथली रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. १५९४ पासून ही वारी चालू आहे असे संस्थान सांगते. विदर्भातली ती सर्वांत जुनी पालखी मानली जाते. लेक सासरी आहे, तिला माहेरची माणसे भेटायला जातात, असा त्यामागचा भाव. इथून पंढरपूर पायी महिन्याभराहून अधिक. कार्तिकात उलट ओघ. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, इथे दहीहंडी फुटते आणि दोन्ही काठांची गावे येतात. मी पोचलो तेव्हा तयारी चालू होती. घाटावर लाह्या-बत्ताशांची, बांगड्यांची, लोखंडी विळ्या-खुरप्यांची दुकाने मांडली जात होती. यात्रेत विळा विकत घ्यायचा ही शेतकऱ्याची जुनी सवय अजून टिकून आहे. वर्धा जिल्ह्याच्या बाजूने माणसे एस. टी. ने, ट्रॅक्टरने, मोटारसायकलने पुलावरून येत होती. नावेची गरज पुलाने संपवली आणि ते चांगलेच झाले. पुरात वाहून जाण्याची भीती नको, रात्री-अपरात्री बाळंतीण अडून राहायला नको. पुलाविषयी माझ्या मनात काहीही किंतु नाही.

रेल्वेविषयी आहे. नावेच्या जागी पूल आला. आर्वीच्या गाडीच्या जागी काहीच आले नाही. रस्ता आधीही होता. दीड-दोनशे गावांच्या तालुक्याला, कापूस, सोयाबीन, संत्री पिकवणाऱ्या प्रदेशाला जी रेल्वे १९१७ साली मिळाली होती ती आज नाही. आर्वीचा विद्यार्थी वर्ध्याला किंवा नागपूरला शिकायला जातो तो बसने किंवा स्वतःच्या खर्चाच्या गाडीने. रुग्ण सेवाग्रामच्या दवाखान्यात जातो तो तसाच. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरचे मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले, याचे आपण कौतुक करतो, त्याची छायाचित्रे छापतो. इंजिन सत्तर वर्षे चालले ते इथल्या कामगारांच्या कसबामुळे. पण त्या सत्तर वर्षांत रूळ रुंद करावेत, मालकीचा गुंता सोडवावा, असे कोणाला निकडीने वाटले नाही, हेही त्याच छायाचित्रात दिसते.

आर्वीकर रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे करत आहेत. ती पुढे आर्वीहून वरूडकडे नेऊन अमरावती जिल्ह्याच्या संत्र्याच्या पट्ट्याला जोडावी, अशीही मागणी आहे. मला ती रास्त वाटते. भराव आहे, मोऱ्यांचे दगड शाबूत आहेत, जमीन रेल्वेमार्गाचीच आहे. नव्या लाइनसाठी सर्वांत अवघड जाते ते भूसंपादन, आणि इथे त्याचा मोठा भाग शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. उशीर जितका होईल तितकी या पट्टीवर अतिक्रमणे वाढतील आणि उद्या हीच जमीन पुन्हा विकत घ्यावी लागेल.

वाचकांपैकी कोणाला ही वाट पाहायची असेल तर कार्तिक पौर्णिमेच्या आसपास जावे. नाचणगावपासून सुरुवात करावी, सोरटा ते रोहणा दरम्यान रस्ता सोडून भरावावरून थोडे चालावे, मोऱ्यांच्या कमानी खालून पाहाव्यात, आणि ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला अशा माणसांशी बोलावे. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ जे आहे ते कोणत्याही दप्तरात नाही. आर्वी-पुलगावच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी ते याच वर्षी लिहून घ्यायला हवे.